विस्तृत आकाशाचे छायाचित्रण : मद्रास ते कावलूर

१७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांनी एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून शोधला गेलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून त्याला ‘एशिया’ हे नाव मिळाले. त्या काळची पद्धत अशी : दुर्बिणीतून दिसणारे तारे नकाशाशी ताडून पाहायचे आणि नकाशात नसलेला ठिपका जागा बदलतो का, हे पुढच्या रात्री तपासायचे.

२२ डिसेंबर १८९१ रोजी जर्मनीत माक्स वोल्फ यांनी छायाचित्रावरून पहिला लघुग्रह शोधला. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते. कॅमेरा त्याच गतीने फिरवला की तारे ठिपक्यांसारखे उमटतात. लघुग्रह ताऱ्यांच्या तुलनेत सरकत असल्याने त्याची मात्र बारीक रेघ उमटते.

अशा शोधासाठी एका काचेवर जितके जास्त आकाश मावेल तितके चांगले. पण परवलयाकार आरशात मधले तारे रेखीव येतात आणि कडेच्या ताऱ्यांना शेपूट फुटते. या दोषाला ‘कोमा’ म्हणतात. १९३० मध्ये हॅम्बर्ग येथे बर्नहार्ड श्मिट यांनी गोलीय आरसा घेऊन त्याच्या वक्रताकेंद्रापाशी एक पातळ दुरुस्ती-काच बसवली. कोमा गेला, मात्र प्रतिमा वक्र पृष्ठावर पडू लागली.

१९४९ मध्ये हार्वर्डमध्ये शिकत असताना वेणू बाप्पू यांना श्मिट दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रात एक नवा धूमकेतू सापडला. पुढे त्यांनीच तमिळनाडूत जावडी टेकड्यांमधील कावलूर येथे वेधशाळा उभारली. तेथील श्मिट दुर्बिणीच्या साहाय्याने आर. राजमोहन यांनी १७ फेब्रुवारी १९८८ रोजी लघुग्रह शोधला. पॉगसन यांचा शेवटचा लघुग्रह १८८५ मधला; म्हणजे मध्ये शंभराहून अधिक वर्षे गेली होती. ४१३० क्रमांकाच्या या लघुग्रहाला कुंभकोणमच्या टाऊन हायस्कूलचे विद्यार्थी श्रीनिवास रामानुजन यांचे नाव देण्यात आले.

सरक आणि कोमा हे दोन्ही प्रश्न आजच्या साध्या कॅमेऱ्यातही आहेत. तिवईवर २४ मिमीचे वाइड-अँगल भिंग लावले, तर ‘५०० भागिले नाभीय अंतर’ या प्रचलित नियमाने सुमारे २१ सेकंद मिळतात. हिशोब करून पाहा : खगोलीय विषुववृत्ताजवळच्या ताऱ्याची प्रतिमा २० सेकंदांत २४ × २० × ०.००००७२७ = ०.०३५ मिमी सरकते. फिल्मवर एवढी सरक सहसा खपून जाई. पण ६ मायक्रॉन पिक्सेलच्या सेन्सरवर ती जवळजवळ सहा पिक्सेल भरते. म्हणून वेळ दहा सेकंदांवर आणावी.

कडेचा कोमा कमी करण्यासाठी छिद्र दोन स्टॉप लहान करावे. त्याने प्रकाश एक-चतुर्थांश होतो. ती तूट अनेक छायाचित्रे एकावर एक जुळवून भरून काढता येते. नियम पाठ करण्याआधी तो कोणत्या माध्यमासाठी बनला होता, हे पाहिले पाहिजे.