तबकडी आणि तालीम : मिरजेचे खाँसाहेब

गेल्या उरुसाच्या सुमारास आठवीच्या काही मुलांना घेऊन मी मिरजेस ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो होतो. आवारातील उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मजारीपाशी एका मुलाने विचारले, "सर, एवढे मोठे गवई, तर त्यांचे शिक्षण कितवीपर्यंत झाले होते ?" "त्यांनी घरीच तालीम घेतली," असे सांगून मी वेळ निभावून नेली. उत्तर खोटे नव्हते. पण अपुरे होते. ते पुरे करण्यासाठी हा लेख.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. याच गावावरून त्यांच्या गायकीला 'किराणा घराणे' हे नाव मिळाले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. तरुणपणी ते बडोदे दरबारी आले. तेथे सरदार माने यांच्या घराण्यातील ताराबाईंशी त्यांचा विवाह झाला, आणि बडोदे सोडून हे दांपत्य काही काळाने मिरजेस स्थायिक झाले. एका दुखण्यातून ते मीरासाहेबांच्या दर्ग्यात बरे झाले, अशी आठवण मिरजेत आजही सांगतात. खाँसाहेब दर उरुसास तेथे गाऊन हजेरी लावीत.

मिरज त्यांना मानवली यात नवल नाही. सतार आणि तंबोरे घडविणारे कारागीर गावातच होते. हत्यारांना धार लावण्याचा पिढीजात धंदा असलेल्या शिकलगार मंडळींनी एकोणिसाव्या शतकात ही कला हाती घेतली आणि फरीदसाहेबांच्या नावाने ती नावारूपास आली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच परंपरेचे फळ होय.

आता तबकडीकडे वळू. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणास १९०२ साली प्रारंभ झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच खाँसाहेबांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तो काळ मायक्रोफोनचा नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. आवाजाच्या कंपनांनी सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. सारे काही तीन-साडेतीन मिनिटांत संपवायचे. जो राग तासभर उलगडायचा, तो चहा निवेपर्यंत आटोपायचा ! पुष्कळ बुजुर्ग या यंत्राला भीत असत. आपली विद्या चोरीस जाईल, आवाज जाईल, असे त्यांना वाटे. तिशीतले खाँसाहेब मात्र निर्भयपणे कर्ण्यापुढे बसले.

शास्त्राविषयीही त्यांना तितकेच कुतूहल होते. सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल हे बावीस श्रुतींचे गणित मांडीत होते. साताऱ्यास न्यायाधीश असलेले ई. क्लेमंट्स हे इंग्रज गृहस्थही याच विषयाने भारले गेले होते. देवलांच्या प्रयोगांना गळा लागे तो खाँसाहेबांचा. देवलांचे श्रुतींवरील पुस्तक १९१० साली आणि क्लेमंट्स यांचे १९१३ साली प्रसिद्ध झाले. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींची पेटी मांडण्यात आली. तेथे ती सर्वांना पटली नाही. पण मुद्दा निराळा आहे. एक सांगलीचा ब्राह्मण विद्वान, एक साताऱ्याचा इंग्रज न्यायाधीश आणि एक मिरजेचा मुसलमान गवई एका स्वराची जागा शोधण्यासाठी एकत्र आले, हे आपल्या भागाच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावे असे पान आहे.

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. स्वतः कधी बाकावर न बसलेल्या माणसाने शाळा काढली ! गरीब विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याचा भार विद्यालय उचली आणि त्यासाठी खाँसाहेब गावोगाव जलसे करीत. १९२२ साली ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. घर मोडले आणि पुढे विद्यालयही टिकले नाही. मुलांनी माने व बडोदेकर ही नावे लावली. त्यामुळे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे यांच्या तबकड्या घरोघर वाजत, तेव्हा ही खाँसाहेबांची लेकरे आहेत हे कित्येकांच्या गावीही नसे. हिराबाईंना १९७० साली पद्मभूषण मिळाले. 'रामराज्य' (१९४३) या चित्रपटातील सरस्वतीबाईंचे गीत तर देशभर गाजले.

पुढे १९२५ पासून विजेवरचे ध्वनिमुद्रण आले. कर्णा गेला, मायक्रोफोन आला. आता ओरडण्याची गरज उरली नाही. हळुवार सूरही तबकडीवर उतरू लागला. हे तंत्र जणू खाँसाहेबांच्याच गळ्यासाठी निघाले होते. १९३४ नंतर ओडियन कंपनीने काढलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांतील झिंझोटी आणि भैरवीच्या ठुमऱ्या आजही ऐकल्या जातात. त्यांत त्यागराजांची एक कर्नाटक कृती आहे आणि 'चंद्रिका ही जणू' हे मराठी नाट्यपदही आहे. हे पद 'मानापमान' नाटकातले. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे, आणि त्यांचाही जन्म १८७२ चाच. कैरान्याचा गळा आणि सांगलीची लेखणी अशी एका तबकडीवर भेटली.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीस जाताना खाँसाहेबांना गाडीत अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर बिछाना घालून त्यांनी तंबोरा लावला आणि दरबारी रागात कलमा आळवीत प्राण सोडला, असे सांगतात. त्यांचा देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. पंडित भीमसेन जोशी सांगत, की लहानपणी खाँसाहेबांची झिंझोटीची तबकडी कानी पडली आणि असे गाता आले पाहिजे, या एका ध्यासाने आपण घर सोडले. पण ते गायक झाले ते तबकडीमुळे नव्हे. त्यासाठी त्यांना कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून, पाणी भरून, वर्षानुवर्षे तालीम घ्यावी लागली. आणि सवाई गंधर्व तर खाँसाहेबांचे शागीर्द! म्हणजे तबकडीने हाक मारली, पण हात धरला तो शाळेने. विद्यालयाची इमारत राहिली नाही, तरी तिथली विद्या शिष्यांच्या गळ्यातून चालत राहिली. 'शिक्षण कितवीपर्यंत' या मापाने हे मोजता येणार नाही.

आज आमच्या मुलांच्या खिशातील मोबाइलमध्ये जगातले सारे गाणे आहे. हाकेची वाण नाही. वाण आहे ती हात धरणाऱ्याची. माझ्या परिचयाच्या एका घरी आजोबांच्या जपून ठेवलेल्या तबकड्या भंगारवाल्याला वजनावर विकल्या गेल्या. विकणारा शिकलेला होता, हे अधिक वाईट. गाणे-बजावणे हे शिकलेल्या घरचे काम नव्हे, अशी समजूत आपल्यात अजून आहे. ज्या गवयाने जलशाची कमाई गरिबांच्या मुलांच्या शिक्षणास लावली, त्याच्या मजारीपाशी उभे राहून तरी ती तपासून पाहावी.

शाळेच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास आणि मिरजेच्या कारागिराने घडविलेला एक तंबोरा, एवढ्याने प्रारंभ होऊ शकेल. पुढच्या उरुसाला मी त्याच मुलांना पुन्हा नेणार आहे. तेव्हा दर्ग्यातील चिंचेखाली बसून त्यांनी गाणे ऐकावे, आणि त्यातल्या एकाने तरी घरी येऊन म्हणावे, "मला शिकायचे आहे." त्या दिवशी त्याचा हात धरणारा कोणी तरी आपल्याकडे असला पाहिजे.