घामाच्या वासापासून सुरू होणारा संवाद

पनवेलची हवा खाडीच्या सान्निध्यामुळे वर्षाचा बराच काळ दमट असते. अंगावरचा घाम येथे लवकर वाळत नाही. नऊ-दहा वर्षांचे मूल मैदानावरून घरी आल्यावर त्याच्या सदऱ्याला मोठ्या माणसासारखा वास येऊ लागला, की मूल वयात येण्याच्या वाटेवर असल्याची जाणीव अनेक पालकांना प्रथमच होते. या प्रसंगी उच्चारलेले पहिले वाक्य महत्त्वाचे असते. 'किती घाण वास येतो' असे चारचौघांत म्हटले, तर मूल पुढचे प्रश्न घरात विचारण्याचे टाळते.

वास का येतो?

घामाला स्वतःचा असा फारसा वास नसतो. काख व जांघ येथील विशिष्ट घर्मग्रंथी बालपणी निष्क्रिय असतात. संप्रेरकांच्या प्रभावाने त्या कार्यरत होतात. त्यांच्या स्रावाचे त्वचेवरील जिवाणू विघटन करतात आणि त्यातून वास निर्माण होतो. म्हणजेच हा वास अस्वच्छतेचा नव्हे, तर वाढीचा परिणाम आहे. मुलांना नेमके हेच सांगावयास हवे.

उपाय साधे आहेत. रोज, व खेळून आल्यावर पुन्हा, साबणाने स्नान करावे. अंग नीट कोरडे करावे. आतील कपडे व मोजे रोज बदलावेत. सुती कपड्यांना प्राधान्य द्यावे. पावसाळ्यात ओले बूट दुसऱ्या दिवशी तसेच घालू नयेत. डिओडरंट वास रोखते वा झाकते, तर घामरोधक द्रव्यातील अॅल्युमिनियमचे क्षार घामच कमी करतात. आपल्या घरांतील तुरटी हाही अॅल्युमिनियमचाच क्षार आहे. मात्र न धुतलेल्या अंगावर सुगंध फवारणे हा स्नानाला पर्याय नव्हे.

बदल आणि त्यांचे वय

मुलींमध्ये साधारणपणे आठ ते तेरा, तर मुलांमध्ये नऊ ते चौदा या वयात हे बदल सुरू होतात. मुलींमध्ये बहुधा स्तनांची वाढ प्रथम दिसते व त्यानंतर सुमारे दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते. मुलांमध्ये वृषणांची वाढ, लव, आवाज फुटणे असा क्रम असतो. या वयोमर्यादेच्या आधी बदल दिसल्यास, अथवा ती उलटूनही काहीच न दिसल्यास, बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

शब्दांची अडचण

आपल्याकडे पाळीला 'कावळा शिवला' म्हणण्याची रीत होती. झोपेतील वीर्यस्खलनाला आजही 'स्वप्नदोष' म्हणतात. पहिल्या शब्दात अस्पृश्यता आहे, दुसऱ्यात दोष. वास्तविक दोन्ही घटना निरोगी वाढीच्या खुणा आहेत. हे मौन मोडण्यासाठी र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले व १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते चालविले. त्यासाठी त्यांना खटल्यांना तोंड द्यावे लागले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. पुढे २००७ मध्ये केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला महाराष्ट्रातही विरोध झाला आणि तो शाळांतून राबविण्यास राज्याने नकार दिला. २०१४ मध्ये देशपातळीवर राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. तरीही पहिली शाळा घरच ठरते.

कसे बोलावे?

एकदाच मोठे व्याख्यान देण्यापेक्षा थोडे थोडे, कामाच्या ओघात बोलावे. 'तुझं शरीर आता मोठं व्हायला लागलंय, म्हणून घामाला वास येतो. मलाही तुझ्या वयात असंच झालं होतं' एवढी सुरुवात पुरेशी आहे. अवयवांची नावे संकोच न करता घ्यावीत. पाळीची माहिती मुलीला पाळी येण्यापूर्वी द्यावी; अचानक दिसलेल्या रक्ताने घाबरण्याची वेळ तिच्यावर येऊ नये. मुलग्यांनाही ती सांगावी, म्हणजे वर्गातील चेष्टा कमी होईल. आईवडिलांना अवघड वाटत असेल, तर मावशी, आत्या, काका किंवा कुटुंबाच्या डॉक्टरांची मदत घेण्यात कमीपणा नाही. भावंडांपुढे वा पाहुण्यांपुढे मात्र हा विषय काढू नये.

उत्तर ठाऊक नसेल, तर 'पाहून सांगतो' म्हणावे आणि खरोखरच सांगावे. घामाच्या वासाबद्दल न लाजता बोलता आलेले मूल उद्या अधिक गंभीर अडचणही, नकोशा स्पर्शाची गोष्टही, घरीच येऊन सांगण्याची शक्यता वाढते.