नोकरी करता करता रजिस्टर्ड नर्स? एका वाटेचा इतिहास

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली. यांपैकी कुठल्याही स्टेशनबाहेर पडलात की ‘सहा महिन्यांत नर्सिंग शिका, लगेच नोकरी’ अशी पत्रकं खांबांवर चिकटवलेली दिसतात. आता समजा, मुलुंडच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये बारावी झालेली एक मुलगी काम करते. सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणतात, पण तिच्याकडे रजिस्ट्रेशन नाही. तिला नोकरी न सोडता रजिस्टर्ड नर्स व्हायचंय. जमेल का?

सरळ उत्तर: त्या पत्रकातल्या कोर्सने नाही. आणि मान्यताप्राप्त कोर्स धरला, तर पूर्ण पगाराची नोकरी चालू ठेवून जवळजवळ नाहीच. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर इथे थांबू नका. ‘नाही’ हे उत्तर कधी तयार झालं, कुणी केलं, असं विचारा. कारण एके काळी नर्सिंग हे कामावर राहूनच शिकायचं शिक्षण होतं.

आधी शब्द नीट धरू

‘नर्स’ हा बोलीतला शब्द आहे, ‘रजिस्टर्ड नर्स’ हा कायद्यातला. संशोधनात पहिली गल्लत इथेच होते. बोलीतली नर्स मोजायची की कायद्यातली, हे ठरवलं नाही तर पुढची सगळी आकडेवारी घसरते.

कायद्यातली नर्स आपल्याकडे तशी अलीकडची. ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा १९१९ साली झाला, मद्रास प्रांतात १९२६ साली, आणि मुंबई प्रांतात १९३५ साली. देशपातळीवर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा, महाराष्ट्राचा स्वतःचा नर्सेस अ‍ॅक्ट १९६६ चा. म्हणजे रुग्णसेवा जुनी, हॉस्पिटलं जुनी (कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झालं), पण ‘नोंद असेल तरच नर्स’ ही कल्पना आपल्याकडे जेमतेम शंभर वर्षांची.

पहिला टप्पा: हॉस्पिटल शिकवतं, हॉस्पिटल पोसतं

१८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये शाळा निघाली. तिथला नमुना जगभर गेला, आपल्याकडेही आला. त्याची रचना अशी: मुलगी हॉस्पिटलच्या वसतिगृहात राहणार, वॉर्डात काम करणार, काम करतच शिकणार. राहणं-जेवण आणि थोडा भत्ता हॉस्पिटल देणार. थोडक्यात, विद्यार्थिनी हीच हॉस्पिटलची कामगार.

आपल्याकडे ही रचना सामाजिकदृष्ट्या किती मोठी ठरली, हे पुण्यात दिसतं. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुणे सेवासदन सुरू झालं, आणि तिथल्या स्त्रिया नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलमध्ये जाऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या, घरच्यांना जड झालेल्या बायका होत्या. परक्या पुरुषाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, कुणाच्याही जातीच्या रुग्णाची सेवा करायची, यावर टीका झालीच. पण फीचे पैसे नसलेल्या बाईला शिकता शिकता डोक्यावर छप्पर आणि पुढे स्वतःची कमाई देणारी वाट त्या काळी दुसरी कुठली होती?

मात्र या व्यवस्थेला रोमँटिक करू नका. वसतिगृहाची शिस्त कडक होती. लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या बाईला तिथे जागा नसायची. आणि शिकणाऱ्या मुलींच्या हातांवर वॉर्ड चालत असल्यामुळे, शिक्षण आणि काम यांत ओढाताण झाली की बहुतेक वेळा काम जिंकायचं.

दुसरा टप्पा: शिक्षण कामापासून वेगळं होतं

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. त्यात भारतात सुमारे ७,००० प्रशिक्षित नर्स असल्याचा अंदाज होता, म्हणजे साधारण ४३,००० लोकांमागे एक. संख्या वाढवायची होती आणि दर्जाही. त्याच १९४६ साली दिल्लीत आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ चं.

दुसऱ्या टोकाला, खेड्यापाड्यांसाठी कमी मुदतीचा एएनएमचा कोर्स १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. मधे जीएनएम डिप्लोमा होताच. अशा तीन पायऱ्या झाल्या: एएनएम, जीएनएम, बीएस्सी.

या बदलाचा हेतू चांगला होता. विद्यार्थिनीला विद्यार्थिनी म्हणून वागवा, तिला फुकटचे हात समजू नका. पण एक गोष्ट हळूच उलटी झाली. पूर्वी हॉस्पिटल शिकणारीचा खर्च उचलायचं. आता, विशेषतः खासगी कॉलेजांत, शिकणारी फी भरते आणि वॉर्डातलं कामही अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करते. सरकारी शाळांत विद्यावेतनाची जुनी खूण उरली आहे. बाकी ठिकाणी ‘कमवा आणि शिका’मधलं ‘कमवा’ गळालं.

पायऱ्या कुठे जोडलेल्या, कुठे तुटक्या

आता एक युक्ती सांगते. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतलं ‘प्रवेश पात्रता’ हे पान आपण चाळून सोडून देतो. ते ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून वाचा. कुणाला आत घ्यायचं याबद्दलचा समाजाचा विचार तिथे उघडा दिसतो.

जीएनएमच्या पात्रतेत वयाची अट १७ ते ३५ अशी आहे. पण त्याच यादीत लिहिलंय की नोंदणीकृत एएनएमला वयाची अट नाही. म्हणजे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं की चाळिशीतली एखादी एएनएम पुन्हा शिकायला येईल. दार उघडं ठेवलं. पण आत आल्यावर तिला कोर्स पूर्ण तीन वर्षांचाच. दहा-पंधरा वर्षं बाळंतपणं केल्याचा अनुभव मुदतीतून वजा होत नाही. वय माफ, पण वेळ माफ नाही. आणि पगार सोडून तीन वर्षं बसणं तिला परवडेल का, हे पात्रतेच्या पानावर कधीच नसतं.

जीएनएम झाल्यावर मात्र चित्र बदलतं. नोंदणीकृत नर्सला पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांत करता येते. सरकारी नोकरीत अध्ययन रजेची तरतूद आहे. आणि १९९० च्या दशकात इग्नूने नोकरीतल्या नर्सेससाठीच पोस्ट बेसिक बीएस्सी काढली: किमान तीन वर्षं, घरी अभ्यास, ठरलेल्या केंद्रावर संपर्कवर्ग आणि प्रात्यक्षिक. तिची पात्रता बघा: बारावीनंतर जीएनएम केलेलं असेल तर दोन वर्षांचा अनुभव, दहावीनंतर केलेलं असेल तर पाच. इथे अनुभव चक्क शिक्षणाची उणीव भरून काढतो!

फरक लक्षात आला ना? नोंदणीच्या वर ‘काम करता करता शिका’ चालतं. नोंदणीच्या खाली चालत नाही. कारण खरं आहे: पहिल्या नोंदणीसाठी हजारो तास देखरेखीखाली वॉर्डात उभं राहावं लागतं, ते पत्राने होत नाही. पण देखरेखीखालचे तास संध्याकाळच्या पाळीत, जास्त वर्षं लावून, का होऊ नयेत? हा वैद्यकीय प्रश्न उरत नाही, व्यवस्थेचा होतो.

एका प्रबंधाने काय केलं

हा प्रश्न अमेरिकेत वेगळा सुटला. मिल्ड्रेड मोंटॅग यांचा कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधला प्रबंध १९५१ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा प्रस्ताव होता की नर्सिंग हॉस्पिटलच्या शाळेतून काढून गावोगावच्या कम्युनिटी कॉलेजात न्यावं, कोर्स दोन वर्षांचा करावा. १९५२ पासून प्रयोग झाला. त्यांच्या मनात होती ‘तांत्रिक नर्स’, पदवीवाल्या नर्सपेक्षा वेगळी. पण या कोर्सच्या विद्यार्थिनींना नोंदणीची तीच परीक्षा देता आली, आणि ‘वेगळी’ हा भाग मागे पडला. घरी राहून, संसार सांभाळून येणाऱ्या, वयाने मोठ्या बायका रजिस्टर्ड नर्स होऊ लागल्या. आपला प्रबंध फक्त कपाटासाठी आहे असं वाटेल त्या दिवशी हे आठवा.

आपल्याकडे दोन वर्षांचा कोर्स आला तो एएनएमचा, पण त्याची नोंद वेगळी, अधिकार वेगळे. कोर्सची मुदत सारखी, पण नोंदवही वेगळी. त्या एका फरकाने दोन देशांतल्या बायकांची आयुष्यं वेगळी झाली.

उपनगर कुठे बसतं यात?

अंधेरी, घाटकोपर महापालिकेत आले १९५० साली; बोरिवली, मुलुंड १९५७ साली. शिकवणारी जुनी मोठी हॉस्पिटलं (जेजे, कामा, केईएम, नायर) तेव्हा आधीच शहरात उभी होती. उपनगरात राजावाडी, कूपर, भगवतीसारखी पालिकेची हॉस्पिटलं आहेत, आणि गल्लोगल्ली छोटी नर्सिंग होम्स. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा तिथे पात्र नर्सेसचं योग्य प्रमाण मागतो. पाळ्या मात्र तिन्ही भरायच्या असतात. या फटीतच आपली मुलुंडची ‘सिस्टर’ काम करते, आणि त्या खांबांवरच्या पत्रकांचा धंदाही याच फटीवर चालतो.

तिला आज कुणी विचारलं तर मी क्रम असा सांगेन. पैसे भरण्याआधी त्या संस्थेचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत बघ. एकच प्रश्न विचार: ‘कोर्सनंतर कौन्सिलमध्ये माझी नोंद कुठली होईल?’ उत्तर गोलमोल आलं तर परत फीर. झेपत असेल तर एएनएमला वळसा न घालता थेट जीएनएम किंवा बीएस्सी, कारण एएनएमची दोन वर्षं पुढे वजा होत नाहीत. विद्यावेतन असलेली सरकारी शाळा आधी बघ. पगार थांबणार तो पहिल्या नोंदणीपर्यंतच. नंतरची पदवी नोकरीत राहून होऊ शकते.

आणि तुमच्यासाठी, संशोधनाचे तीन प्रश्न. उपनगरातल्या किती एएनएम पुढे जीएनएम झाल्या, आणि कुणाच्या पगारावर घर चाललं? विद्यावेतनाची रक्कम आणि त्या त्या काळचं भाडं यांचं नातं काय होतं? आणि २०२३ च्या नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशन कायद्याने १९४७ च्या कायद्याची जागा घेताना, अनुभवाला श्रेयांक द्यायला जागा ठेवली आहे का? तिसरा प्रश्न आत्ताच हातात घ्या. त्याचे नियम ठरत असताना केलेला अभ्यास नियम ठरून गेल्यावर केलेल्या अभ्यासापेक्षा जास्त कामाचा असतो.