मांजर आणि भाडेनियंत्रण

इतिहासाच्या पुस्तकात भाडेकरूला जागा नाही. वास्तविक जागा नसणं हा त्याचा मूळ गुणधर्मच, त्यामुळे त्याने याबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. किल्ले आहेत, वेढे आहेत, तह आहेत. पण शनिवारवाड्याच्या आसपास जी माणसं भाड्याने राहत होती त्यांना मालकाने मांजर पाळू दिलं की नाही, हे एकाही बखरकाराने लिहून ठेवलेलं नाही. मी कॉमर्सचा माणूस. दहावीनंतर इतिहासाचा आणि माझा संबंध सुटला तो सुटलाच. पुन्हा जडला तो एका छापील कराराच्या नवव्या कलमामुळे. 'सदर जागेत कुत्रा, मांजर, पक्षी अगर अन्य कोणताही प्राणी ठेवता कामा नये.' "अन्य कोणताही म्हणजे तुमचं काय करायचं?" असं सौभाग्यवतींनी विचारलं ते सोडा. मला खटकला तो एजंटाचा खुलासा. "साहेब, हे कलम पहिल्यापासूनच असतं," तो म्हणाला.

पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला तारखेशिवाय नोंद पचत नाही.

आता आमची हकिगत थोडक्यात सांगितली पाहिजे. ठाण्याला नौपाड्यात आमची चाळ होती. आजोबांनी १९३८ साली दोन खोल्या महिना नऊ रुपयांनी घेतल्या, आणि पुढे तीन पिढ्यांनी त्या सोडल्या नाहीत. गेल्या वर्षी चाळ पुनर्विकासाला गेली. बिल्डरने तीन वर्षांचं भाडं देऊ केलं आणि आम्ही जागा शोधायला लागलो. आम्ही म्हणजे मी, सौ., चिरंजीव, शहात्तर वर्षांची आई आणि ठकी. ठकी ही मांजर. वडील गेले त्या पावसाळ्यात ती कुठूनशी आली आणि आईच्या पायाशी झोपायला लागली. आईने एका वाक्यात निकाल दिला होता : "तिला नको म्हणणाऱ्या घरात मी यायची नाही. तुम्ही जा, मी इथेच बसते." 'इथे' म्हणजे जिथे आठवड्याभरात बुलडोझर येणार होता तिथे.

आमच्या चाळीत मांजर पाळायला कोणाची परवानगी लागत नव्हती. खरं म्हणजे चाळीत कोणी मांजर पाळतच नसे. मांजर चाळीची असे. दूध एकाकडे, पिल्लं दुसऱ्याकडे, आणि शिव्या मालकाकडे. आणि तिचा तिथे हक्क होता, कारण ती कामावर होती.

हा मुद्दा नीट समजण्यासाठी प्लेगपर्यंत मागे जावं लागतं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची कोठारं, आणि कोठारं म्हणजे उंदीर. पण तेव्हा उंदराकडे बोट दाखवायचं कोणाला सुचलं नाही. सरकारने माणसं घराबाहेर काढली, सामान जाळलं, कल्याण स्टेशनावर उतारूंना उतरवून तपासलं. पुण्यात या जुलमापायी १८९७ साली रँडचा वध झाला. उंदीर मात्र विनातिकीट, विनातपासणी फिरत राहिला. रोग उंदरावरच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवलं, आणि ते सगळ्यांना पटायला आणखी काही वर्षं गेली.

इथे आपल्या वऱ्हाडाचा संबंध येतो. अमरावतीला अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. ज्या गावांत मांजरं भरपूर तिथे प्लेग फिरकत नाही, असं त्यांच्या ध्यानात आलं. गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिस्तीने त्यांनी गावोगावची मांजरं मोजून घेतली. (आपल्याकडे जनगणनेला आलेल्या मास्तरांना माणसं दार उघडत नाहीत, तिथे मांजरं मोजायला गेलेल्या तलाठ्याचं काय झालं असेल ते माझ्या डोळ्यांसमोर येतं.) १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा लेख आला. मथळाच होता, प्लेगचं निवारण करणारी मांजरं. आज शास्त्र सांगतं की मांजरालाही प्लेग होतो आणि तिच्यापासून माणसालाही होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरसाहेबांचा हिशेब शंभर टक्के जुळत नाही. पण एका सरकारी माणसाने मांजराच्या बाजूने लेखी मत दिलं, ही गोष्ट मला मोठी वाटते.

साहेबाच्या देशात तर मांजर पगारी नोकर होती. १८६८ साली लंडनच्या मुख्य टपाल कचेरीत उंदीर मनिऑर्डरी कुरतडायला लागले. तीन मांजरं नेमावीत आणि त्यांना आठवड्याला दोन शिलिंग मंजूर व्हावेत, असा प्रस्ताव वर गेला. वरून उत्तर आलं : एक शिलिंग, तिघांत मिळून, सहा महिन्यांच्या उमेदवारीवर, बाकीचा पगार उंदरांच्या रूपाने वसूल करावा. हे मी आमच्या शाखेत वाचून दाखवलं तेव्हा युनियनच्या चिटणिसाचे डोळे पाणावले. तो म्हणाला, "दीडशे वर्षांत व्यवस्थापनाची भाषा बदललेली नाही."

असो. तर १९०८ हे वर्ष लक्षात ठेवा. मांजराची उपयुक्तता छापून आली त्याच वर्षी इकडे नोंदणी कायदाही आला. त्याच्या सतराव्या कलमात एक निरुपद्रवी वाटणारं वाक्य आहे : एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवला पाहिजे. नोंदवायचं म्हणजे स्टॅम्प, फी, रजिस्ट्रार, साक्षीदार आणि अर्ध्या दिवसाची रजा. ते टाळायचं तर मुदत वर्षाच्या आत हवी. अकरा महिन्यांच्या कराराचं मूळ इथे आहे. मांजराची बाजू मांडणारा आणि मांजराला बाहेर काढणारा असे दोन कागद एकाच वर्षी जन्माला आले. दुसरा कागद मात्र साठ-पासष्ट वर्षं मुकाट्याने दबा धरून बसला. मांजरासारखाच.

कारण मधल्या काळात भाडेकरूचं राज्य होतं. पहिल्या महायुद्धात मुंबईत जागांची टंचाई झाली तेव्हा १९१८ साली भाडी रोखणारा कायदा आला. दुसऱ्यानंतर १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं ठरलं. आमचे नऊ रुपये गोठले ते असे. पुढे कर वगैरे धरून ते थोडे फुगले, तरी माझ्या लहानपणी चाळीतल्या मांजराला आई जे दूध घालायची त्याचं महिन्याचं बिल घरभाड्यापेक्षा जास्त येई. वडील म्हणायचे, "मालकापेक्षा मांजर महाग पडते." मालक बिचारा छपराला दुरुस्ती करीत नसे, आणि या भाड्यात त्याने ती का करावी हे आम्हालाही सांगता आलं नसतं. चाळी पडायला आल्या त्याचं एक कारण तेही आहे, आणि हे मी भाडेकरूंच्या तीन पिढ्यांचा वारस असून म्हणतो.

पण मांजराच्या दृष्टीने तो सुवर्णकाळ होता. भाडेकरूला काढायचं तर मालकाला कायद्यातल्या मोजक्या कारणांपैकी एक कोर्टात शाबीत करावं लागे. त्यांतलं जवळचं कारण म्हणजे शेजाऱ्यांना उपद्रव. आता मांजराचा उपद्रव शाबीत करायचा तर साक्षीला शेजारी आणायचा, आणि शेजाऱ्याच्याच कपाटात तिने पिल्लं घातलेली. शिवाय दाव्याचा निकाल लागेपर्यंत मांजराच्या पंधरा पिढ्या होऊन जाणार. आमच्या मालकाने उभ्या आयुष्यात मांजराविरुद्ध एवढंच केलं, की गॅलरीतून जाताना तिला "शुक्" म्हटलं. ती हलत नसे. तिलाही १९४७ चा कायदा माहीत असावा.

मग १९७३ साल उजाडलं. तोवर मालकांनी 'भाडेकरू' हा शब्द टाळायला सुरुवात केली होती. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातून त्यांनी 'लायसेन्स' शोधून काढलं होतं. म्हणजे तुम्ही घर भाड्याने घेतलेलं नाही, मालकाने तुम्हाला आत बसायची नुसती परवानगी दिली आहे. पाहुण्याला देतात तशी, फक्त पाहुण्याकडून अनामत घेत नाहीत. सरकारने दुरुस्ती केली की १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवानगीवाले जागेत बसले होते ते सगळे भाडेकरू समजावेत. एका रात्रीत पाहुणे घरचे झाले. त्या तारखेला आत असलेल्यांची चंगळ झाली. नंतर येणाऱ्यांना ते संरक्षण मिळालं नाही. आणि मालकवर्गाने जो धसका घेतला तो अजून गेलेला नाही. कित्येकांनी घरं कुलूप लावून ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत. ज्यांनी दिली त्यांनी १९०८ सालचे अकरा महिने बाहेर काढले.

नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा. अमलात आला ३१ मार्च २००० रोजी. ही तारीख बँकेतला माणूस जन्मात विसरत नाही. या कायद्याने लायसेन्सला राजमान्यता दिली. मुदत संपली की जागा सोडायची, नाही सोडली तर दुप्पट आकार. गंमत म्हणजे त्याने हेही सांगितलं की करार कितीही मुदतीचा असो, लेखी करून नोंदवलाच पाहिजे. म्हणजे अकरा महिन्यांचं मूळ कारण त्याच दिवशी संपलं. कारण संपलं, अकरा महिने राहिले. बाराव्या महिन्यात काय होतं असं मी तीन एजंटांना विचारलं. तिघांनीही माझ्याकडे संशयाने पाहिलं.

आता नववं कलम कुठून आलं ते दिसायला लागतं. ज्याला काढता येत नाही त्याला अटी घालून उपयोग नसतो. ज्याला दर अकरा महिन्यांनी काढता येतं त्याला काहीही सांगता येतं. खिळा मारू नका, मासे तळू नका, मांजर ठेवू नका. मधल्या काळात मांजराची नोकरीही गेली होती. पीठ पिशवीतून यायला लागलं, भिंती सिमेंटच्या झाल्या, उंदरांसाठी दुकानात औषध मिळायला लागलं. कामगाराचा पाळीव प्राणी झाला, आणि पाळीव प्राणी म्हटला की तो मालकाच्या सोफ्यावर बसणार.

आम्ही ठाण्यात अकरा आणि डोंबिवलीत चौदा जागा पाहिल्या. रामनगरात एका मालकीणबाईंनी मांजराला होकार दिला, पण घरात मांसाहार चालणार नाही म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, आम्ही खात नाही, पण ठकीचं काय? त्या विचारात पडल्या. हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. हायकोर्टापर्यंत गेलेला आहे. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी कडक असताना, कोचीच्या एका गृहस्थांनी केरळ हायकोर्टात अर्ज केला. आपण शाकाहारी, घरात सामिष शिजत नाही, तीन मांजरं खास बिस्किटांवर जगतात, ती आणायला पोलिस पास देत नाहीत. कोर्टाने परवानगी दिली. त्या वेळी मला बँकेत जायला जो पास मिळाला होता तो मिळवायला याहून जास्त खटपट पडली होती. रामनगरच्या काकूंना हा निकाल सांगितला. त्या म्हणाल्या, "बिस्किटं ठीक आहेत. पण ती उंदीर मारेल त्याचं काय?"

न्यूयॉर्कमध्ये १९८३ साली, म्हणजे इकडे कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली त्याच वर्षी, एक कायदा झाला. भाडेकरूने तीन महिने उघडपणे प्राणी पाळला, मालकाला ते माहीत होतं आणि तरी तो कोर्टात गेला नाही, तर करारातली बंदी निकालात निघते. मी सौ.ला म्हटलं, तीन महिने म्हणजे काहीच नाही. ती म्हणाली, "आपल्याकडे उघडपणे म्हणजे पहिल्याच दिवशी सगळ्या मजल्यांवर. तीन तास तरी मिळतील का?"

आपल्याकडे या बाबतीत जे आहे ते कागदावर चांगलं आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या : गृहनिर्माण संस्थेला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. केरळ हायकोर्टाने २०२१ साली असे बंदीचे नियम बेकायदा ठरवले. मी दोन्हींच्या झेरॉक्स प्रती घेऊन हिंडू लागलो. पण या सगळ्याचा रोख संस्थेवर. मालक आणि लायसेन्सी यांच्यात जो करार होतो, तो त्या दोघांचा. तिथे मी सही करायची की नाही, एवढंच माझ्या हातात.

कल्याणला दूधनाक्याच्या बाजूला एक जागा पसंत पडली. तळमजला, आईच्या गुडघ्यांना सोयीची. मालकांना विचारलं. ते म्हणाले, "माझी काही हरकत नाही हो, पण सोसायटी ऐकायची नाही." सेक्रेटरींकडे गेलो. झेरॉक्स दिल्या. त्यांनी चष्मा लावून दोन्ही शेवटपर्यंत वाचल्या, आणि म्हणाले, "सोसायटीला हरकत घेताच येत नाही, हे आम्हाला माहीत आहे. मालकच नाही म्हणतील." मी मालकांना म्हटलं, तुमची हरकत नाही हे एका ओळीत लिहून द्या, सोसायटीला दाखवतो. सेक्रेटरींना म्हटलं, तुमची नाही हे लिहून द्या, मालकांना दाखवतो. दोन्ही चिठ्ठ्या एकाच संध्याकाळी हातात आल्या. चेकवरच्या दोन सह्या अशाच गोळा कराव्या लागतात. दुसऱ्याने केली असं कळल्याशिवाय पहिला करत नाही.

नवव्या कलमातला 'मांजर' हा शब्द मालकांनी पेनाने खोडला आणि बाजूला आद्याक्षरं केली. करार नोंदवायला आलेल्या मुलाने यंत्रावर माझा अंगठा घेतला, आईचा फोटो काढला, पोलिस पडताळणीच्या अर्जावर घरातल्या माणसांची नावं लिहून घेतली आणि विचारलं, "अजून कोणी राहणार आहे?" आई म्हणाली, "ठकी. लिही." त्याने लिहिलं नाही. मुदत अकरा महिने. सहा गेले आहेत, आणि आईने आतापासूनच मालकांकडे दर एकादशीला उपासाची खीर पाठवायला सुरुवात केली आहे.