चुकीच्या नावाचा व्रण

नागपूरच्या दक्षिणेस खापरी, दहेगाव, तेल्हारा या गावांच्या शिवारात आज मिहान वसले आहे. तेथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. अशा मोठ्या रुग्णालयाची पायरी चढेपर्यंत ज्याची ओळख सहसा पटत नाही, असा एक दुर्मीळ व्रण आहे. वैद्यकात त्यास पायोडर्मा गँग्रिनोसम म्हणतात. म्हणजे पुवाळून सडणारा चर्मरोग. वास्तविक तो ना पुवाळणाऱ्या जंतूंचा रोग, ना गँग्रीन!

फ्रान्सच्या लुई ब्रोक यांनी १९१६ साली त्याचे वर्णन केले. हे नाव मात्र १९३० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ब्रन्स्टिंग, गोकरमन व ओलिअरी यांनी दिले. त्यांनी पाच रोगी पाहिले आणि दोष जंतूंवर ठेवला. पाचांपैकी चौघांच्या मोठ्या आतड्यात व्रण होते. खरा धागा तोच होता. शरीराच्याच पांढऱ्या पेशी बिथरून कातडीवर तुटून पडतात, हे पुढे उमगले. आतड्याचा दाह, संधिवात, रक्ताचा विकार यांपैकी काहीतरी पुष्कळदा सोबतीला असते.

नाव चुकल्याची किंमत रोग्याने मोजली. पायावर पुटकुळी येते, फुटते, आणि थोड्याच दिवसांत जांभळ्या, आतून पोखरलेल्या कडेचा व्रण होतो. ठणका असह्य. सडके मांस समजून शस्त्रवैद्य ते खरवडतो. इतर जखमांना हे हितकर. येथे मात्र शस्त्र लागेल तेथे व्रण चेकाळतो. पुन्हा कापा, पुन्हा पसरतो. कित्येकांचा पाय यात गेला आहे.

मौज अशी, की उताराही मेयो क्लिनिकमधूनच आला. १९४८ साली तेथे फिलिप हेंच यांनी संधिवातावर कॉर्टिझोन वापरले. १९५० चे नोबेल पारितोषिक त्यात वाटून मिळाले. त्याच कुळातली स्टिरॉइडे आजही या व्रणावर देतात, किंवा सायक्लोस्पोरिन. ब्रिटनमध्ये १२१ रोग्यांवर दोहोंची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले; सहा महिन्यांत दोन्हींकडे निम्म्यांहून कमीच बरे झाले होते.

आपल्या विदर्भात आणखी एक पेच आहे. व्रण क्षयाचा, बुरशीचा, कुष्ठाचा वा मधुमेहाचाही असू शकतो, आणि जंतू वा बुरशी असताना स्टिरॉइड दिले तर ते आगीत तेल. ‘हाच तो रोग’ असे ठामपणे सांगणारी एकही तपासणी नाही. बाकीचे एकेक बाद करीत जायचे. त्यासाठी व्रणाच्या कडेचा लहानसा तुकडा काढावाच लागतो. ज्या रोगाला सुरी सोसत नाही, त्याच्या ओळखीसाठी सुरी लावण्याचा हा धोका डॉक्टर जाणूनबुजून पत्करतात.