भट्टीचं दार

मध आपल्याला वर्ज्य, म्हणून व्हरमाँटला लेकीने मेपल सिरप पुढे केलं. मी विचारलं, "हे आटवतात कसं?" मार्चमध्ये तिने मला शुगरहाऊसलाच नेलं.

पूर्वी झाडाचा रस लोखंडी कढयांत, उघड्या जाळावर आटवत. १८५८ साली ओहायोच्या डी. एम. कुक यांनी नागमोडी खणांच्या उथळ कढईचं पेटंट घेतलं. ती गोड ज्वारीच्या रसालाही चालायची बरं का! पुढे विटांची भट्टी आणि बिडाची दारं रुळली. साधारण ४० लिटर रसाचं १ लिटर सिरप, म्हणजे लाकूड किती लागत असेल! दर सात-आठ मिनिटांनी सरण घालायचं. दार उघडलं की गार हवा आत शिरते, उकळी बसते आणि धग थेट तोंडावर येते. म्हणून दोनांपैकी एकच दार, तेही झटकन. बीड लाल होऊन वाकतं, म्हणून नव्या दारांना दुहेरी पत्रा, मध्ये उष्णता अडवणारा थर.

"फेस उतू जायला लागला तर?"

"पूर्वी कढईवर डुकराच्या चरबीचा तुकडा टांगत."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

"आम्ही करडईच्या तेलाचा थेंब टाकतो," बाई म्हणाल्या. तेव्हा कुठे मी बाटली घेतली.