तबकडीमागचा माणूस

शिरूर-दौंडकडील श्रोतेहो, पूर्वी गावात फोनो वाजला की लोक गायकाचे नाव विचारीत. तबकडी घडवली कोणी, हे कोण विचारणार? तासाभराचा राग ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम साडेतीन मिनिटांत बसवायचा! आलाप किती, तान कोठे आवरायची, हे गवयाला राजी करून ठरवावे लागे. मुंबईत एचएमव्हीचे जी. एन. जोशी १९३८ पासून हेच करीत. स्वतः गायक, म्हणून गवयाचे मन जाणत. पुढे लाँग-प्ले तबकडी आली, वेळेचे बंधन सैल झाले. १९६७ मध्ये त्यांनी शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी व ब्रिजभूषण काब्रांची गिटार एकत्र आणून काश्मिरी मेंढपाळाचा दिवस रागांतून उभा केला. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ परदेशांतही गाजली. गुरुजी, मुलांना ती ऐकवाल तेव्हा वादकांबरोबर जोशींचेही नाव सांगा.